उतरती रेघ

३ सप्टेंबर

चि. धाकटे,

आशीर्वाद. नको असले तरी घे, मोठ्या बहिणीचे आशीर्वाद परत करायची सोय नसते.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा होता तिथेच आहे आणि तिची तक्रारही. डॉक्टरांनी जिना कमी चढा म्हणून सांगितलं, तर आता ती दिवसातून एकदाच चढते, पण चढताना प्रत्येक मजल्याला ऐकवते. घरमालकाने गच्चीचं गळणं अखेर बुजवलं. तुझी जुनी शिलाई मशीन मी झाकून ठेवली आहे, अधूनमधून तेल घालते, चालवत नाही. आईने तिच्यावर फोन ठेवलाय. रविवारी तुझा फोन आला आणि तिला दिला की मी स्वयंपाकघरात जाते आणि ती मशीनजवळ बसते. हल्ली ती फार हळू बोलते. मी बाहेर आले की एकदम मोठ्याने दुधाच्या भावाचं काढते. तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलत असणार. बोला, माझी हरकत नाही.

फोन मी उचलला की तू "आईला दे" म्हणतेस. सव्वा वर्ष मला तुझे हे दोनच शब्द मिळतायत. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रही फाडता येतं, पण निदान पाकीट उघडल्यावर. तुझ्या यजमानांना, ड्रायव्हरसाहेबांना, नमस्कार सांग. त्यांना नवा मार्ग मिळाला, घाटातून बस न्यावी लागत नाही, असं आई म्हणाली. बरं झालं. तुझं दुकान कसं चाललंय? पॅन्ट आखूड करून देण्यात शिवण्यापेक्षा जास्त मिळतं असं तू म्हणायचीस, अजून तसंच आहे का?

माझं काम तेच. तू चारचौघांत सांगायचीस ना, ताईला बाळांना नावं ठेवायचा पगार मिळतो म्हणून. तोच पगार अजून मिळतो. सकाळी तीनपैकी एका इस्पितळात जायचं आणि आदल्या दिवशी जन्मलेली सगळी बाळं उघडून बघायची. डोकं चाचपायचं, टाळूवरून बोट फिरवायचं, ओठ बघायचा, कान, हाताची बोटं, पावलं आत वळली आहेत का ते. मग पालथं करून मानेपासून खाली कण्यावरून बोट न्यायचं. काही सापडलं तर लिहायचं, नाही सापडलं तरी लिहायचं. वर्षाच्या शेवटी हजार जन्मांमागे कुठलं व्यंग किती, हे काढायचं आणि मागच्या वर्षांशी ताडून बघायचं. वाढलं तर का वाढलं ते शोधायचं. कमी झालं तर का कमी झालं, हे मात्र कुणी शोधत नाही. या वाक्यावर मी पुन्हा येणार आहे.

परवा एका आईने बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. त्याचा वरचा ओठ दुभंगलेला होता. ती म्हणाली, "तुम्ही लिहून घेतलंत म्हणून ओठ जुळणार आहे का?"

मी म्हटलं, "ओठ डॉक्टर जुळवतील. आम्ही लिहिलं तर अशी किती बाळं येतायत ते कळतं. त्यावरून कारण शोधता येतं."

"म्हणजे याला उपयोग नाही. दुसऱ्यांना आहे."

मी हो म्हटलं. तोंडावर खोटं काय बोलणार. तिने बाळ परत माझ्या हातात दिलं. "लवकर बघा," म्हणाली, "त्याला थंडी वाजते."

मी ताकाला जाऊन भांडं लपवतेय हे तुला एव्हाना कळलं असेल. तुला कायम कळतं. तरी अजून थोडं सांगू दे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्या जन्मव्यंग नोंदणी कक्षात भिंतीवर एक रेघ आहे. पाठीचा कणा उघडा राहिलेली बाळं दर हजारी किती, त्याची. ती आखायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. आठ वर्षांपूर्वी ती वर होती, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. मग आरोग्य केंद्रांतून तरुण बायकांना फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या आणि रेघ उतरू लागली. पहिली दोन-तीन वर्षं हळूहळू, मग भराभर. गेल्या वर्षअखेरीला ती इतकी खाली आली की आखायला मला वाकावं लागलं. मी त्या दिवशी सगळ्या कक्षाला चहा पाजला. आमच्या बाईंनी, म्हणजे कक्षप्रमुखांनी, माझी पाठ थोपटली. मी इतकी खूश होते की घरी येताना आईसाठी चप्पल घेतली, तिच्या मापाची निघाली नाही तो भाग वेगळा.

वरच्या ऑफिसलाही आनंद झाला. वरच्या ऑफिसला आनंद झाला की ते काहीतरी बंद करतं. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला गोळ्या बंद केल्या, तूर्त म्हणून. आजार गेला, आता खर्च कशाला. केंद्राकेंद्रांत पोस्टर लागलं: माझी उतरती रेघ, मोठी करून, आणि खाली आमच्या कक्षाचं नाव. तुमच्याकडच्या केंद्रातही असेल.

गेल्या महिन्यात मी एका इस्पितळात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कुणाची तरी वाट बघत उभी होते. तिथले डॉक्टर दारात येऊन चष्मा पुसत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "डॉक्टर, पाठीची बाळं आता दिसतच नाहीत. बरं वाटतं."

"मला दिसतात की," ते म्हणाले. "तुमच्यापर्यंत येत नाहीत, एवढंच. विसाव्या आठवड्याला इथेच कळतं, मग आईबाप काय ते ठरवतात. बहुतेक जण थांबवतात. तुम्ही अठ्ठावीस आठवड्यांच्या पुढचं मोजता ना?"

मी विचारलं, "तुमच्याकडे कमी झालीत का?"

"सुरुवातीला थोडी झाली. मग नाही. आता मशीन चांगलं आलंय, सगळ्या बायका येतात, त्यामुळे एकही सुटत नाही."

ते आत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई पाण्याची बाटली संपवत होती, सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते म्हणून. मला तिच्याकडे बघवेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते माझ्यासाठीच कुणी करून ठेवलंय असं वाटलं. कारण डॉक्टर सांगत होते त्यातलं एक बाळ मी या हातांनी धरलं होतं.

आता लिहितेच.

आईने शेजारी सांगितलं, तुझ्या सासरी सांगितलं, की तू जिन्यावरून पडलीस. चांगली थाप होती, जिना सगळ्यांनी पाहिलेला. तू मान हलवलीस, ड्रायव्हरसाहेबांनी हलवली, मीही हलवली. विचारणाऱ्यांना मी कितवी पायरी तेसुद्धा सांगत होते. इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाही खरंच वाटायला लागलं असावं. नाहीतर सख्ख्या बहिणीचं बाळ असं गेलं त्याच वर्षअखेरीला मी रेघ उतरली म्हणून चहा कसा पाजला असता? मला ते दोन्ही एकत्र आठवलंच नाही, धाकटे. विसाव्या आठवड्याचं मूल आमच्या नियमात जन्मत नाही. आणि नियम मला इतका पाठ आहे की तुझ्या उशाशी उभी असतानाही तो मनात चालूच होता.

मी बाईंकडे गेले. बाई वाईट नाहीत. त्यांनी मला बसवलं, अहवाल काढला आणि पान उलटून तळटीप दाखवली. "अठ्ठावीस आठवड्यांपुढचेच जन्म धरले आहेत. आपण लपवलेलं नाही."

"पोस्टरवर तळटीप नाही, बाई."

"पोस्टरवर तळटीप कुणी वाचली असती का?" मग अहवाल मिटत त्याच म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण सोनोग्राफीचे आकडे मागवायचे तर वरून हुकूम लागतो, आणि हुकूम मागायला हातात काहीतरी लागतं. एखादी बाई सही करून देईल का? नाव कुठे छापणार नाही. माझं असं झालं, आणि ते तुमच्या मोजणीत आलेलं नाही, एवढंच."

डॉक्टर नावं देत नाहीत, द्यायचीही नाहीत. त्या बायकांची दारं मी कुठल्या तोंडाने ठोठावू? मला एकच बाई माहीत आहे. महिनाअखेरीला वर बैठक आहे. गोळ्या पुन्हा सुरू करायच्या की कायमच्या बंद, ते तिथे ठरणार. त्यांच्या हातात माझी रेघ आहे आणि ती खोटी आहे. या वर्षी लग्न झालेल्या मुली त्या रेघेवर विश्वास ठेवून बसल्या असतील.

म्हणून तुझी सही मागते आहे. कोरा कागद आणि मजकूर सोबत ठेवलाय. नाही म्हटलंस तर मी पुन्हा विचारणार नाही आणि आईलाही मध्ये घालणार नाही.

आता टेपचं.

तू ग्लानीतून बाहेर येत होतीस. नर्स कापडात गुंडाळून बाळ टेबलावर ठेवून गेली होती, थोड्या वेळाने न्यायला येते म्हणाली. तू डोळे उघडलेस तेव्हा माझ्या हातात टेप होती. मी डोक्याचा घेर मोजत होते. लांबी मोजून झाली होती. तू भिंतीकडे तोंड केलंस, आणि त्या दिवसापासून तुझं तोंड तिकडेच आहे. तुला वाटलं मी रजिस्टरसाठी मोजलं. रजिस्टरमध्ये त्याला जागाच नव्हती, आणि ते मला माहीत होतं. तरी मोजलं. नर्स आली की ते जाणार होतं आणि कुणीतरी त्याचं काहीतरी करायला हवं होतं. माझ्या हातांना बाळाचं दुसरं काही येत नाही. मांडीवर घेणं, थोपटणं, ते मला जमलं नसतं, मी रडले असते आणि तू जागी झाली असतीस. ती मापं कुठेही लिहिलेली नाहीत. मला पाठ आहेत. कधी हवीशी वाटली तर सांगेन, नाही वाटली तर माझ्याबरोबर जातील.

आणखी एक, आणि हे सहीशी जोडू नकोस. पुन्हा विचार करशील तेव्हा आधी तीन महिने गोळी सुरू कर. छोटी नव्हे, तुझ्यासारखीला डॉक्टर मोठी लिहून देतात ती. केंद्रात मिळणार नाही, औषधाच्या दुकानात मिळेल. बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच मिटतो, दिवस गेल्याचं बाईला धड कळायच्या आत. नंतर घेऊन त्याला उपयोग नाही. गोळी घेतली तर पुन्हा तसं व्हायची भीती फार कमी राहते. हे मी तुला फोनवर सांगणार होते, दर रविवारी. पण "आईला दे" म्हटल्यावर मी आईला देते.

बाकी काय लिहू. मशीनला तेल घालते आहे.

अजून मोठीच असलेली,
तुझी ताई


१३ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. नमनाला घडाभर तेल तूच घातलंस, माझ्याकडे तेवढं नाही. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय.

आई हळू बोलते ते तुझ्याबद्दल नाही. मला पाचवा लागलाय. तुला सांगू नकोस म्हणून मीच तिला बजावलं होतं, आणि बिचारीने पाळलं. दुधाच्या भावाबद्दल तिला काहीही माहीत नाही.

तू गोळ्यांचं लिहिलंस. इस्पितळाने सोडताना कागदावर लिहून दिलं होतं, पुढच्या वेळी आधीपासून घ्या. तू समजतेस तेवढी मी निष्काळजी नाही. फेब्रुवारीत मी तो कागद घेऊन केंद्रात गेले होते. खिडकीतल्या बाई कागद न बघताच म्हणाल्या, "त्या गोळ्या बंद झाल्या. तो प्रकारच आता राहिला नाही." आणि भिंतीकडे बोट केलं.

मी पोस्टर नीट वाचलं. खाली तुझ्या कक्षाचं नाव होतं. घरी येऊन ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, तरी दुकानातून आणू, त्यात काय. मी म्हटलं, काही गरज नाही, हे ताईने मोजलंय. ताई मोजण्यात चुकत नाही, ती मेलेल्या बाळाचंसुद्धा माप नीट घेते. मी ते रागानेच बोलले होते. पण तुझा आकडा मला खरा वाटला होता. तुझ्याशी बोलत नव्हते तरी तुझ्यावर विश्वास होता, हे मला तुझं पत्र वाचून कळलं. तो विश्वास नसता तर मी गोळ्या घेतल्या असत्या.

पहिल्या महिन्याचं तुझं वाक्य मी वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं. मग गणवेशाच्या तीन चड्ड्या शिवल्या. तिन्ही उसवाव्या लागल्या.

तुझ्यावर राग काढायचा खूप प्रयत्न केला. दोन दिवस केला. ड्रायव्हर म्हणाला, त्यांना तरी कुठे माहीत होतं. मी त्याला म्हटलं, तू तिची बाजू घेऊ नकोस, तिची बाजू घ्यायला मी आहे. मग मलाच हसू आलं आणि नंतर रडू आलं. आता राग कमी आहे आणि भीती जास्त आहे. भीती एकटीने निभत नाही, म्हणून हे पत्र.

सही केली आहे, कागद सोबत आहे. तुझा मजकूर मी थोडा बदलला. तू "गर्भ" लिहिलं होतंस, मी "बाळ" केलं. तुमच्या बाईंना चालत नसेल तर सही परत पाठव. आणि सासूबाईंना काल खरं सांगितलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. आज सकाळी जेवल्या आणि मला विचारलं, कुणासारखं दिसत होतं. मला सांगता आलं नाही. मी भिंतीकडे बघत होते ना.

पण मापं आत्ता सांगू नकोस. तुला माहीत आहे, माप कानावर पडलं की मला अख्खा माणूस उभा दिसतो. सोनोग्राफी होईपर्यंत ते मला नको. नंतर सांग, जे काही निघेल ते निघो. मला ऐकायचंय.

सोनोग्राफी गुरुवारी सकाळी आहे. आत एकालाच सोडतात. ड्रायव्हर म्हणतो, त्या पडद्याकडे माझ्याने बघवणार नाही. मला बघून काही कळणार नाही. तुला पाठ बघता येते. तू ये. डॉक्टर काही बोलायच्या आधी तुला दिसेल, तेव्हा त्यांच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी तुझ्या तोंडावरून ओळखीन. आणि मी या वेळी तोंड फिरवणार नाही.

बुधवारी रात्रीच्या बसने निघ. ड्रायव्हर स्टँडवर येईल. टेप घरी ठेवून ये. लागलीच तर शिवणाची माझ्याकडे आहे.

जिन्यावरून कधीच न पडलेली,
तुझी धाकटी